यंदा कढई किती चढवायची?

पत्र आलंय ते आधी थोडक्यात देते.

"मावशी, औसा तालुक्यातून लिहितेय. चार एकर कोरडवाहू, सगळं सोयाबीन. सप्टेंबरच्या पावसात खालच्या पट्टीतलं पाण्यातच गेलं, वरचं काढलं तर डागी निघालं. आडतीवर भाव ऐकला की पोतं परत न्यावं वाटतं. आणि आता दिवाळी. आत्याबाईंचं म्हणणं एकच, फराळ नेहमीसारखा झाला पाहिजे, सात जिन्नस, गल्लीत आणि भावकीत मिळून वीस-बावीस घरी ताटं, दोन्ही वन्सं लेकरं घेऊन येणार. नवरात्रात घटावर कडाकण्या कमी बांधल्या तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. हे म्हणतात आईचं मन मोडायचं नाही, ओळखीच्या माणसाकडून दहा हजार उचलतो, शेकडा तीनने. मी नको म्हणलं की मी वाईट. मावशी, यंदा फराळ करूच नये का? आणि करू नये तर आत्याबाईंना सांगायचं कोणी आणि कसं? – एक सून"

अगं पोरी, फराळाचं बोलूच, पण आधी ते दहा हजार बाजूला ठेवू, कारण ते डोक्यात असेपर्यंत बाकी काही सुचणार नाही. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीनशे, वर्षाला छत्तीसशे, आणि मुद्दल आहे तिथंच. म्हणजे पुढची दिवाळी येईल तेव्हा या दिवाळीच्या चकलीचं व्याज चालूच असेल. कायद्याने बघायला गेलं तर परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकऱ्याला विनातारण दिलेल्या कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांच्या वर घेता येत नाही, २०१४ चा राज्याचा सावकारी कायदा आहे, आणि हा ओळखीचा माणूस ३६ घेतोय, तेही बहुतेक बिनपरवान्याचा. नवऱ्याला हे आकडे भांडताना सांगू नको, रात्री जेवणं झाल्यावर कागदावर लिहून दाखव. माणूस "आईचं मन" म्हणतो तेव्हा त्याने हिशोब केलेला नसतो, केला तर बऱ्याचदा तोच म्हणतो राहू दे. दवाखाना असता, पेरणीचं बी असतं तर मी इतकं ताणून धरलं नसतं. तळणासाठी व्याजाने पैसा मात्र नाही म्हणजे नाही, यावर तू ठाम राहा, वाईट झालीस तरी चालेल.

आता फराळ करूच नये का? नाही, असं नको. हे मी गोड बोलायचं म्हणून सांगत नाही. शेत गेलं त्या वर्षी घरात तळणाचा वास सुद्धा नाही आला तर लेकरं काय, मोठी माणसंसुद्धा खचतात, आणि आत्याबाईंचा धसका हाच आहे असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. त्या रुसल्या कडाकण्यांवरून, पण आकड्यासाठी कोणी दोन दिवस अबोला धरत नाही गं. घटावर कमी बांधलं म्हणजे या घराला उतरती कळा लागली असं त्यांना आतून वाटलं असणार, आणि तू ते न विचारता, स्वयंपाकघरात परस्पर कमी केलंस. मी असते तर मीही रुसले असते!

तेव्हा माझं मुख्य सांगणं हे, की काटछाट आत्याबाईंच्या हातून होऊ दे. तू कापायचंस आणि त्यांनी बघत बसायचं असं केलं तर सात जिन्नसांच्या खाली त्या येणार नाहीत. त्यांच्यापुढे जाऊन बस आणि विचार, आत्या, बाहत्तरच्या दुष्काळात तुमच्या माहेरी दिवाळीला काय केलं होतं? त्यांचं वय तू लिहिलं नाहीस, पण मोठ्या वन्संला लेकरं आहेत म्हणजे साठीच्या पुढे असणार, तेव्हा शाळेत जायच्या वयाच्या तरी असतील. १९७२ ला आपल्याकडे रेशनला बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची, दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं की सुकडी मिळायची, ज्यांनी ते खाल्लंय त्यांना आजही त्याची चव विचारली की तोंड वाकडं करून सांगतात. त्या वर्षी सात जिन्नस कोणाच्या घरी होते? आणि तुमचा तर औसा तालुका, किल्लारी तुमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे भूकंप झाला, गणपती बोळवून लोक झोपले होते, आणि त्यानंतर दीड महिन्यात दिवाळी आली. त्या दिवाळीला तुमच्या भागात किती घरांत कढई चढली असेल? आत्याबाईंना ते सांगता येईल, तुला आणि मला नाही. त्या बोलायला लागल्या की मधे "मग आपणही यंदा" असं घुसवू नको, बोलू दे पूर्ण. एखाद दुसऱ्या दिवशी त्यांचं त्याच म्हणतील. नाहीच म्हणाल्या तर मग तू म्हण, आत्या तीन-चार जिन्नस कुठले ठेवायचे ते तुम्ही सांगा. ठेवायचे कुठले हे विचार, काढायचे कुठले हे नको.

तसंही हे सात जिन्नस आणि डबे भरून फराळ कोरडवाहू घरात फार जुना नाहीये. पिशवीतलं रिफाइंड तेल, मैदा, डालडा, पाच किलो साखर हे सगळं हाताशी आलं, उधारीवर किराणा मिळायला लागला, तेव्हा यादी वाढली. त्याआधी जे शेतात निघालं तेच गोड आणि तेच तिखट. आमची आई मैद्याला "दुकानातलं पीठ" म्हणायची आणि ते म्हणताना चेहरा असा करायची की जणू काही पाहुण्याने चप्पल घालून देवघरात पाऊल टाकलंय.

आणि तेलाचं काय सांगू. तुझं सोयाबीन आडतीवर मातीमोल आणि त्याच सोयाबीनचं तेल पिशवीत भरून आलं की तुला परवडत नाही, ही थट्टा दरवर्षीचीच. देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं, सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने त्यावरचं आयात शुल्क वाढवलं, शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. तेल लगेच महागलं, सोयाबीन काही चढलं नाही. मग मे २०२५ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणलं. असो, ते राजकारण आपल्या कढईबाहेरचं, पण फराळात खर्च कुठे होतो हे त्यातून कळतं. खर्च तेलात आणि सुक्या खोबऱ्यात, खोबऱ्याने यंदा सगळ्यांचाच घाम काढलाय. पीठ-गूळ त्या मानाने स्वस्त, आणि तुझ्याकडे रेशनचा गहू-तांदूळ येत असेल तर २०२३ पासून तो फुकटच आहे. आनंदाचा शिधा म्हणून २०२२ च्या दिवाळीला शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, पामतेल मिळालं होतं ते तुला आठवत असेल, पण यंदा त्याची वाट बघत बसू नको, मिळालं तर मिळालं.

मग करायचं काय? मी तुझ्या जागी असते तर चार गोष्टी धरल्या असत्या, आत्याबाईंनी वेगळ्या सांगितल्या तर त्यांच्या.

पहिले घारगे. डांगर म्हण, लाल भोपळा म्हण, पावसाने सगळं नेलं तरी कुणाच्या ना कुणाच्या उकिरड्यावर नाहीतर कुंपणावर त्याचा वेल असतोच आणि मागितला तर कोणी नाही म्हणत नाही. किसलेला भोपळा दोन वाट्या, गूळ एक वाटी, दोन्ही शिजवून थंड करायचं, चिमूट मीठ, असेल तर जायफळ, आणि त्यात मावेल तेवढी कणीक, चमचाभर तांदळाचं पीठ. पाणी अजिबात घालायचं नाही, भोपळ्याचंच पाणी पुरतं. हे तीन-चार दिवसांच्या वर टिकत नाहीत म्हणून ताटासाठी आदल्या दिवशीच तळ. लेकरांना करंजीपेक्षा हे आवडतात हा माझा अनुभव, पण आत्याबाईंपुढे असं म्हणू नको.

दुसऱ्या गुळाच्या शंकरपाळ्या, रेशनच्या गव्हाच्या कणकेच्या. गुळाचं पाणी कोमट, मोहन मात्र कडकडीत, पीठ घट्ट आणि तळताना जाळ मंद. मैद्याच्या शंकरपाळीसारख्या पांढऱ्या दिसत नाहीत, तपकिरी होतात, पण डब्यात पंधरा दिवस राहतात आणि वन्संला जाताना बांधून द्यायला बऱ्या.

तिखटात चकली ठेव कारण चकलीशिवाय ती दिवाळी वाटत नाही, हे मलाही मान्य आहे. पण भाजणीत डाळी कमी कर, ज्वारी आणि तांदूळ वाढव, किंवा सरळ ज्वारीच्या पिठाचीच उकड काढून कर. जेवढं पीठ तेवढंच पाणी, पाण्यात तिखट, ओवा, तीळ, मीठ, चमचाभर तेल, उकळी आली की पीठ घालून झाकण, वाफ जिरली की गरम असतानाच मळायचं. ज्वारीला चिकटपणा नसतो म्हणून उकड चुकवली तर चकली सोऱ्यातून निघतानाच तुटते, मग सगळं खापर ज्वारीवर. आणि चौथा चिवडा, चुरमुऱ्याचा, त्याला तेल फोडणीपुरतं लागतं, शेंगदाणे थोडेफार घरचे असले तर अजून चांगलं.

अनारसे हवेतच असं आत्याबाई म्हणाल्या तर अडवू नको. अनारशाला जुना जाडा तांदूळ उलट बराच, रेशनचा चालेल, खसखशीऐवजी तीळ लाव. एकदाच दहा-पंधरा करा, देवापुढे आणि भाऊबीजेच्या ताटात. करंजी यंदा नैवेद्यापुरती, सारणात खोबऱ्याच्या जागी शेंगदाण्याचा कूट, तीळ आणि गूळ. खोबऱ्याची नाही म्हणून कोणी उठून जाणार नाही. आणि लेकरांसाठी सीताफळं, बालाघाटच्या डोंगराला या दिवसांत पिकतातच, एक पाटी घरात ठेव, फुकटचं आणि कुठल्याही मिठाईपेक्षा चांगलं. दुकानातलं सोनपापडीचं खोकं आणायचं डोक्यात असेल तर त्यावर मी बोलतच नाही.

आता तेल वाचवायची खरी जागा सांगते. प्रत्येक घरात वेगळी कढई चढते तिथे नासाडी होते. तळायला कढईत तेल खोलवर लागतं, तळून झालं की अर्धी कढई काळपट तेल उरतं, मग ते आठवडाभर भाजीत ढकलायचं किंवा फेकायचं. तुमच्या गल्लीतल्या चार-पाच जणींनी एकाच कढईत पाळीने तळलं तर ते उरणारं तेल एकदाच उरतं. पूर्वी असंच व्हायचं, आज हिच्याकडे चकल्या उद्या तिच्याकडे करंज्या, सोऱ्या सगळ्या गल्लीत एकच फिरायचा. ते बंद का पडलं तर प्रत्येकीला आपलं वेगळं दाखवायचं असतं, दुसरं काही नाही. तुझ्या गल्लीत यंदा सगळ्यांचंच सोयाबीन भिजलंय, प्रत्येक सून असंच कुठेतरी पत्र लिहीत बसली असेल, एकीने तोंड उघडलं की बाकीच्या लगेच येतील बघ. जळण म्हणून तुराट्या असतील तर चूल परसात मांडा, गॅस वाचतो. आणि आत्याबाईंना तिथे पाट टाकून बसव, पीठ कुठलं किती भिजवायचं ते त्या सांगतील, गल्लीतल्या पाच सुना त्यांचं ऐकतायत म्हटल्यावर सात जिन्नस विसरतील की नाही बघ.

पैशाचं म्हणशील तर एक हद्द घालून घे. लाडक्या बहिणीचे १,५०० येत असतील तर किराणा त्याच्या आतच, यादी आधी आणि दुकान नंतर. आले नसतील तर आधी केवायसी झालंय का बघ. बचत गटात असशील तर गटाने मिळून गूळ-तेल एकदम घेतलं तर किरकोळीपेक्षा कमी पडतं. आणि पुढच्या वर्षासाठी आत्तापासून दर महिन्याला पन्नास-शंभरची दिवाळी भिशी चालू करा, पाडव्यालाच करा, नंतर होत नाही.

ताटांचं आता. बावीस घरी सात जिन्नस पाठवण्यापेक्षा बावीस घरी दोन जिन्नस पाठवलेले चालतात, ताट जाणं महत्त्वाचं, ते मोडू नको. पण कमी करायचीच वेळ आली तर कुठली घरं काढायची यात आत्याबाईंचं ऐकण्याआधी एक गोष्ट बघ, ज्या घरात यंदा कोणी गेलंय तिथे दुखवट्यामुळे कढई चढत नाही, त्यांची दिवाळी शेजाऱ्यांच्या ताटावरच असते. ती घरं पहिली. मग ज्यांचं शेत तुमच्यापेक्षा जास्त गेलं ती, मग एकटी म्हातारी माणसं. सरपंचाच्या आणि आडतदाराच्या घरी ताट गेलं नाही तर त्यांच्या घरी फराळ कमी पडत नाही, हे मी जरा जास्तच स्पष्ट बोलले, पण वीस-बावीसमध्ये अशी पाच-सहा घरं असतातच की नाही सांग. आणि परत येणारं ताट रिकामं येत नाही आपल्याकडे, कोणी मूठभर साखर घालतं, कोणी ज्वारी, कोणी त्यांचा लाडू. म्हणजे तुमच्या घरातली लेकरं बावीस घरचं खातातच. हे आत्याबाईंना माहीत आहे, तू फक्त आठवण दे.

वन्संचं सगळ्यात नाजूक. त्या आल्यावर त्यांना डबा उघडून कळू देऊ नको, आधी फोन कर, आणि फोन नवऱ्याने करायचा, तू नाही. तू केलास की "वहिनीने कमी केलं" होतं, भावाने केला की "दादाची अडचण आहे" होतं, जग असंच आहे. त्याने एवढंच म्हणायचं, ताई यंदा शेताचं असं झालंय, फराळ थोडा आहे, ओवाळणी पण थोडी, पण तुम्ही यायचं म्हणजे यायचं. त्याही शेतकऱ्याच्याच घरात दिल्या असतील तर त्यांचंही सोयाबीन भिजलंय, त्यांनाही सासरी हेच चाललंय. साडी यंदा नाही, झंपरचा खण द्या आणि ओवाळणीत जे जमेल ते. मोठी वन्सं तोंड वाकडं करेल असं वाटत असेल तर करू दे, भाऊबीज झाली की तिलाच वाईट वाटेल. धाकटी बहुतेक येतानाच काहीतरी करून आणेल. आणेल तेव्हा "कशाला आणलं" म्हणू नका, घ्या आणि तिच्याच ताटात वाढा.

तुझा नवरा उधारी टाळायची म्हणून दुसरं एक करेल याची मला भीती आहे, सगळं सोयाबीन दिवाळीआधी आहे तसं ओलं विकून टाकेल. गावोगाव हेच होतं, वसुबारसेच्या आधी आडतीवर रांग आणि ओलावा जास्त म्हणून भाव पाडून. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, पण खरेदी केंद्राला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो आणि केंद्रं दिवाळीच्या आत चालू होतील याचा भरवसा धरू नका. म्हणून किराण्याला आणि अगदी तातडीच्या देण्याला लागेल तेवढीच पोती काढा, डागी माल वेगळा करून तो आधी विका कारण तो केंद्रावर घेणार नाहीत, आणि चांगला आहे तो ऊन पडेल तसा अंगणात पसरून चांगला वाळवा, रोज पालथा घाला, रात्री झाकायला विसरू नका, ऑक्टोबरमध्ये दव पडतं. नोंदणी सुरू झाली की सातबारा, पीकपेरा, आधार आणि पासबुक घेऊन पहिल्याच आठवड्यात नंबर लावा. पिकाच्या मदतीसाठी फार्मर आयडी लागतो, तो निघाला नसेल तर आधी तो काढा, दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की सेतूवर कोणी भेटत नाही.

आणि अनारसे ठरले तर तांदूळ आजच भिजत घाल. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग सावलीत वाळवून दळायचा, गुळात मळून पीठ पाच-सहा दिवस तरी मुरायला हवं, म्हणजे तुझ्याकडे आता दिवस मोजकेच आहेत.